कपावरच्या रेषा

"पाळीत किती जातं?" हा प्रश्न दवाखान्यात मी दिवसातून दहा वेळा तरी विचारते. उत्तर ठरलेलं, "नॉर्मलच जातं." त्या दिवशी आलेल्या एका पेशंटनंही तेच सांगितलं. जिना चढताना धाप लागते असंही ती ओझरतं म्हणाली, पण मी ते मनावर घेतलं नाही. तिची मुख्य तक्रार पॅडची होती. दर महिन्याला मांड्या सोलवटायच्या. म्हणून मी मेन्स्ट्रुअल कप सुचवला, म्हणजे पाळीचं रक्त साठवायला योनीत बसवायचा छोटा, लवचिक कप.

तिचा चेहराच आक्रसला. "आत बोटं घालायची? आणि आतच हरवला तर?"

मी कागदावर चित्र काढलं. गर्भाशयमुखाचं छिद्र इतकं बारीक असतं की कप त्यापलीकडे जाऊच शकत नाही. काढताना नुसता देठ ओढायचा नाही, बूड चिमटीत दाबून आधी त्याची पकड सोडवायची. जास्तीत जास्त १२ तासांनी रिकामा करायचा, पाळी संपली की उकळून ठेवायचा. जमायला दोन-तीन पाळ्या जातात, हेही सांगितलं. पहिल्याच दिवशी रडकुंडीला येऊन कप कायमचा कपाटात टाकणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत.

तीन महिन्यांनी ती वहीचं एक पान घेऊन आली. तिच्या कपावर मिलिलिटरच्या रेषा होत्या. ओतण्याआधी दर वेळी तिनं आकडा टिपला होता. पहिला दिवस ४५, दुसरा ८०, तिसरा ५५... एकूण २१०.

"पॅड मी न बघताच गुंडाळून टाकायचे," ती म्हणाली. "रक्त असं समोर कधी पाहिलंच नव्हतं. किळस येईल वाटलं होतं. पण मग मोजावंसंच वाटायला लागलं. हे जास्त आहे का हो डॉक्टर?"

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर तो अतिस्राव. कपात नुसतं रक्त नसतं, इतर स्राव आणि अस्तरही असतं. ते वजा केलं तरी तिचा आकडा मोठाच होता. हिमोग्लोबिन तपासलं तर ७.४, म्हणजे खूपच कमी. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पोकळीत फायब्रॉइड, म्हणजे स्नायूची साधी गाठ दिसली. ती धाप इतके महिने मला हेच सांगत होती, आणि मी "नॉर्मल" या एका शब्दावर थांबले होते. याची टोचणी अजून आहे.

औषधं लिहून दिली, पुढचं ऑपरेशन समजावलं. उठताना तिनं ते पान परत मागितलं.

"बहिणीला दाखवायचंय. तिलाही नॉर्मलच जातं."

"दाखवू नका, तिला घेऊनच या," मी म्हटलं.