९ डॉलर ८० सेंटची कादंबरी

अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरीचं नाव निघालं की 'फॅरनहाइट ४५१' ही पुस्तकं जाळणाऱ्यांची कादंबरी त्याने नऊ दिवसांत लिहिली, हे कुणीतरी सांगतंच. नऊ दिवस खरे आहेत, पण त्या नऊ दिवसांत कादंबरी झाली नव्हती. काय झालं होतं ते हिशेब मांडला की कळतं.

१९५० च्या वसंतात लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात, पॉवेल लायब्ररीच्या तळघरात टाइपरायटर भाड्याने मिळायचे. अर्ध्या तासाला एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं. नाणं सरकवलं की घड्याळ सुरू, वेळ संपली की पुढचं नाणं काढा. ब्रॅडबरीच्या घरी तान्ही मुलगी होती आणि लिहायला वेगळी खोली घेण्याइतके पैसे नव्हते. कॉलेजात तो कधीच गेला नाही. शाळा १९३८ साली संपली, मग काही वर्षं चौकात उभं राहून पेपर विकले आणि शिक्षण लायब्ररीत उरकलं. त्यामुळे विद्यापीठाचं तळघर त्याला परकं वाटायचं कारणच नव्हतं.

'द फायरमन' या पहिल्या खर्ड्याला त्याचे एकूण ९ डॉलर ८० सेंट लागले. म्हणजे ९८ नाणी, म्हणजे ४९ तास. नऊ दिवसांत वाटले तर दिवसाला साडेपाच तासांच्या आत-बाहेर. शब्द साधारण २५,०००. तासाला ५१०, मिनिटाला साडेआठ! आपल्याकडे टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये इंग्रजीची सगळ्यात खालची सरकारी परीक्षा मिनिटाला ३० शब्दांची असते, त्या हिशेबाने हा गडी सरळ नापास. बोटं वेगाने चालायची, असं तो स्वतःच सांगतो. मग वेळ कुठे गेला? विचारात, खोडण्यात आणि जिन्यावर. मध्येच उठून तो वरच्या मजल्यावर जायचा, कपाटांतून पुस्तकं काढून चाळायचा, एखादं वाक्य सापडलं की खाली येऊन मजकुरात घालायचा. पुस्तकं जाळणाऱ्यांची गोष्ट पुस्तकांच्या ढिगाखाली बसून लिहिली जात होती. लिहिण्याचा सराव म्हणून कुणी हे करून बघणार असेल तर नाण्यांऐवजी मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावा. अट एकच, गजर वाजेपर्यंत मागचं वाचायचं नाही. मागचं दुरुस्त करत बसलं की पैसे तळघराचे आणि मजकूर तिथल्या तिथेच.

तरीही हा वेग हवेतून आलेला नाही. सामान आधीच जमलं होतं. १९४९ च्या सुमारास विल्शायर बुलेवार्डवर मित्राबरोबर पायी फिरताना पोलिसाने त्याला हटकलं, काय करताय म्हणून. पायी चालणं हा संशयाचा मुद्दा व्हावा, याचा त्याला राग आला आणि त्यातून 'द पेडेस्ट्रियन' ही कथा झाली. पुढे त्याच पादचाऱ्याला त्याने पुन्हा एकदा रात्री फिरायला काढलं, तेव्हा कोपऱ्यावर क्लॅरिस नावाची मुलगी भेटली आणि पुस्तकं जाळणाऱ्या माँटॅगची, म्हणजे कादंबरीच्या नायकाची, गोष्ट सुरू झाली. पुस्तकं जाळण्याचा विषय तर 'अशर टू' या मंगळावरच्या कथेत येऊन गेला होता.

'द फायरमन' फेब्रुवारी १९५१ च्या 'गॅलेक्सी' मासिकात आली. १९५३ च्या उन्हाळ्यात बॅलंटाइन या प्रकाशनासाठी त्याने ती जवळजवळ दुप्पट केली आणि ऑक्टोबरमध्ये पुस्तक निघालं. तेव्हा कुठे कादंबरी. यातल्या २०० प्रती अॅस्बेस्टॉसच्या बांधणीत काढल्या होत्या, सहीसह. कल्पना झकास, पण घरात ठेवायची वस्तू नव्हे.

शीर्षकातला आकडा, म्हणजे कागद पेटण्याचं तापमान, त्याने अग्निशमन दलाला फोन करून मिळवला. ४५१ फॅरनहाइट म्हणजे सुमारे २३३ अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात कागद एका ठरावीक आकड्याला पेटत नाही. जाडी, ओल, किती वेळ तापला, हवा किती मिळाली यावर ते ठरतं. मिटलेलं जाड पुस्तक तर विस्तवातही लवकर जळत नाही. कडा काळ्या पडतात, आत हवाच जात नाही. मेमधलं आपलं ४५ अंश म्हणजे फक्त ११३ फॅरनहाइट. आग लागायला अजून ३३८ बाकी आहेत, राजेहो!

पण स्वस्त पेपरबॅकला मारायला आग लागत नाही. त्या काळच्या कागदात आम्ल असतं. उष्णतेने तो लवकर पिवळा पडतो, ठिसूळ होतो. पाठीचा डिंक वाळून तडकतो. नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुनी प्रत घेताना ती मधोमध सपाट उघडू नका, पानं सुटतील. अर्धी उघडा आणि पाठ बघा. त्याहून वाईट म्हणजे घरातला कूलर. खोली थंड होते तशी ओलीही होते, आणि कूलरच्या झोतासमोरच्या कपाटात बुरशी अन् कसर दोन्ही येतात. कपाट दुसऱ्या भिंतीला हलवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, ओल आत अडकते. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर कुरकुरीत वाळलेला, नाहीतर तोच ओल देतो.

घेताना आणखी एक बघायचं, छपाईचं वर्ष. १९६७ साली बॅलंटाइनने शाळांसाठी एक आवृत्ती काढली, त्यात पंचाहत्तरएक जागी मजकूर बदलला. शिव्या काढल्या. दारू प्यालेला माणूस आजारी झाला, बेंबीतली घाण काढणारा कान साफ करू लागला. सेन्सॉरशिपवरच्या पुस्तकाला कात्री लावताना तिथे कुणाला हसू कसं आलं नाही, कोण जाणे. ब्रॅडबरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. काही वर्षं दोन्ही आवृत्त्या बाजारात होत्या. १९७३ पासून फक्त कापलेलीच छापली गेली. त्याला कळलं तेव्हा तो भडकला, १९७९ मध्ये त्याने तिखट टिपण लिहिलं आणि मूळ मजकूर परत आला.

म्हणून १९६७ ते १९७९ मधली बॅलंटाइनची प्रत हातात आली तर लगेच पैसे काढू नका. शेवटची पानं चाळा. ते टिपण असेल तर मजकूर पूर्ण आहे. नसेल तर बेंबीचं वाक्य शोधा. तिथे कान निघाले तर प्रत परत ठेवा, संग्रहासाठीच हवी असेल तर गोष्ट वेगळी.