पट्टीतला बारदाना

आमची कंपनी छत्रपती संभाजीनगरातली, छोटी. नव्या पोरांचे बायोडेटा आले की त्यांचा कोड मी स्वतः उघडून बघते. यंदा दोन बायोडेटांत एकच प्रोजेक्ट निघाला: सोयाबीनच्या पट्टीचा, म्हणजे आडत्यानं दिलेल्या विक्रीच्या पावतीचा, हिशेब. एक मुलगी उदगीरची, एक मुलगा इथलाच. फाइली त्याच, स्पेलिंगच्या चुका त्याच, चालू साइटची लिंकही तीच.

वरवर बघणाऱ्याला मुलगाच खरा वाटला असता. गिटहब ही कोड ठेवायची साइट. तिथं त्याच्या प्रत्येक कमिटला, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीला, त्याचंच नाव, तारखा वर्षभर जुन्या. मुलीच्या कमिट्सवर मात्र तिसऱ्याच कुणाचं नाव. पण या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, गिट, नावाची शहानिशा करत नाही. कॉम्प्युटरवर जे नाव आणि ईमेल भरलेलं असेल तेच उमटतं, तारीखही हवी ती घालता येते. रिपॉझिटरी, म्हणजे प्रोजेक्टची गिटहबवरची जागा, तयार केल्याची तारीख तेवढी गिटहबच्या सर्व्हरची असते. मुलाची रिपॉझिटरी महिन्याभरापूर्वीची होती, मुलीची त्याच्या कितीतरी आधीची.

दोघांना वेगवेगळं बोलावलं. म्हटलं, साइटच्या डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावाच्या नोंदींत, मी देते तो शब्द टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे साध्या मजकुराची नोंद, म्हणून टाका. मुलगा म्हणाला, पासवर्ड मित्राकडे आहे. मुलीनं तिथंच लॉगिन केलं आणि चहा येईपर्यंत रेकॉर्ड माझ्या स्क्रीनवर दिसलासुद्धा. अर्थात, डोमेन, म्हणजे साइटचं नाव, तिच्या ताब्यात आहे एवढंच त्यावरून ठरतं. कोड कुणी लिहिला, हा प्रश्न उरतोच.

मग कोडमधली एक जागा दाखवून दोघांना विचारलं, बारदान्याला, म्हणजे रिकाम्या पोत्याच्या वजनाला, दोन रकाने कशाला? मुलगा म्हणाला, "डेटाबेस फास्ट चालावा म्हणून." मुलगी म्हणाली, "मॅडम, आडतीवर पोत्यामागं किलोभर बारदाना कापला होता. पप्पांनी पट्टी दाखवली. मी रिकामं पोतं किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं, तर निम्म्याच्या थोडंसंच वर भरलं. म्हणून एक रकाना कापलेल्याचा, एक खऱ्याचा."

ओलाव्याचंही तसंच. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्क्यांची अट असते. २०२४च्या हंगामात केंद्र सरकारनं ती १५ पर्यंत सैल केली. तिनं तो आकडा कोडमध्ये न कोंबता सेटिंगमध्ये काढून ठेवला होता. घरात सोयाबीन पिकतं त्यालाच हे सुचतं.

आणि ते तिसरं नाव? कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवर आधीच्या कुणा विद्यार्थ्याचं राहून गेलेलं. तिच्याकडे लॅपटॉप नव्हता. अशा मुलांना नुसतं नाव बघून बाद करणं मला अन्यायाचं वाटतं, आणि आपल्याकडे अशी मुलं पुष्कळ आहेत.

तिनं प्रोजेक्टला एमआयटी लायसन्स लावलं होतं. म्हणजे कोड कुणीही घ्यावा, बदलावा, विकावा. फक्त मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर सोबत ठेवावा. मुलानं नेमकी ती लायसन्सची फाइलच उडवली होती. त्याला मी स्पष्ट सांगितलं: कोड घेतलास याला माझी हरकत नाही, तिचं नाव पुसलंस म्हणून नाही म्हणते. ती फाइल परत लाव, आणि तू स्वतः काय बदललंस ते लिही.

मुलीला घेतलं. जाताना तिनं विचारलं, "जुन्या कमिट्सवरचं नाव बदलून टाकू का?" मी म्हटलं, नको. इतिहास बदललास तर प्रत्येक कमिटचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख-कोड, बदलेल. रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत, लिही की हे कमिट्स लॅबच्या पीसीवरून केलेत, आणि इथून पुढचे डिजिटल सही करून टाक.