सिनेमा ओळखणाऱ्यांचं संमेलन

आमच्या ग्रुपच्या वार्षिक संमेलनाला कोण येणार नाही, हे मी आधीच सांगू शकतो. ठाण्यातल्याच नौपाडा आणि पाचपाखाडीची मंडळी. हॉल चालत दहा मिनिटांवर, म्हणून 'निघतोच' असं टाकून घरीच बसतात. ऐरोली, कोपरखैरणे, पनवेलची माणसं मात्र रविवारचा मेगाब्लॉक बघून, ट्रान्स-हार्बरची एक गाडी आधीची पकडून वेळेवर हजर. घोडबंदर रोडवाल्यांना उशीर माफ आहे, तिथल्या ट्रॅफिकपुढे कुणाचं काय चालणार!

ग्रुप 2020 च्या लॉकडाउनमधला. रोज रात्री साडेनऊला एकजण इमोजी टाकतो, बाकीच्यांनी सिनेमाचं नाव ओळखायचं. सिंहाचं तोंड आणि शेजारी खुर्ची आली की जब्बार पटेलांचा 1979 चा 'सिंहासन', हे आता शेंबडं पोरही सांगेल. भांडणं होतात ती 'देवदास'वरून. सैगलचा जुना, 1955 चा दिलीपकुमारचा की 2002 चा शाहरुखचा? साल नाही तर गुण नाही, हा नियम त्यातूनच आला. वर्षभर नुसती बोटं चालवणाऱ्यांनी एकदा तरी तोंड दाखवावं, म्हणून संमेलन.

दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, जमाखर्च वगैरे उरकतं. दमशेराजही होतं, त्यात तेच तेच चारजण नाचून घेतात. खरी गंमत फळ्यावर. इतर ठिकाणी सिनेमाचं नाव चुकलं की 'बॉलीवूड'ची नऊ इंग्रजी अक्षरं एकेक करून खोडतात, आम्ही आमच्या ठाण्याच्या नाट्यगृहाचं नाव, 'गडकरी रंगायतन' लिहितो. मोजून बघा, तीही नऊच भरतात. सिनेमाच्या नावातल्या अक्षरांच्या जागी रेघा, आणि वर फक्त काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार तेवढे उघडे. चुकलं की 'ग' गेला, मग 'ड'. 'गडकरी' पुसलं जाऊन 'रंगायतन'ला हात लागला की अस्सल ठाणेकर कासावीस होतात.

माझा जीव मात्र शेवटच्या कार्यक्रमात अडकलेला असतो. त्याला आम्ही बोलकं कोडं म्हणतो. नाव न घेता एका सिनेमाबद्दल पाच मिनिटं बोलायचं, आणि बोलणारा बसेपर्यंत कुणी उत्तर द्यायचं नाही. सुरुवातीला याला गुण होते, ते आम्हीच काढून टाकले. इथे लोक सिनेमाचं कमी आणि घरचं जास्त बोलतात. मी दरवर्षी मागे पंख्याच्या बटनांपाशी उभा राहून ऐकतो, म्हणजे डोळे पुसलेले कुणाला दिसत नाहीत.

गेल्या वर्षी कोपरखैरण्याच्या काकू पहिल्यांदाच उभ्या राहिल्या. लिहून आणलेला कागद होता, पण चष्मा पर्समध्ये राहिला, त्यामुळे कागद मुठीतच. म्हणाल्या, "1988 साल. आमचं नवीन लग्न, आणि ठाण्यात भाड्याची खोली मिळेना. एकीकडे डिपॉझिट परवडेना, दुसरीकडे घरमालकीण विचारते, गावाकडून पाहुणे किती येतात? दिवसभर पायपीट केली आणि वैतागून सिनेमाला जाऊन बसलो. तर पडद्यावरही तेच! चार मित्र, घर मिळेना, आणि त्यातल्या दोघांना खोलीसाठी चक्क बायका व्हावं लागलेलं."

एव्हाना सगळ्या हॉलला नाव कळलं होतं, पण कुणी हूं की चूं केलं नाही. "हे तसे फार हसणारे नाहीत," काकू म्हणाल्या. "पण त्या दिवशी हसता हसता यांनी पुढच्या खुर्चीवर डोकंच टेकलं. मध्यंतरात म्हणाले, कळव्याची ती ओल आलेली खोली उद्या परत बघू. तीच घेतली. थोरला तिथलाच." काका तिसऱ्या रांगेत बसून घड्याळाचा पट्टा काढत होते, लावत होते.

काकू बसतात न बसतात तोच पनवेलकर ओरडला, "अशी ही बनवाबनवी!" गुण नाहीत, बक्षीस नाही, तरी ओरडला. माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. पण परतीच्या गाडीत काका-काकूंना जागा त्यानेच धरली, हेही लिहायला हवं.

आता आभार, नाहीतर फोन येतील. गुण लिहिणाऱ्या कळव्याच्या वहिनी. चिठ्ठ्या कापणारी त्यांची लेक, आणि त्या चिठ्ठ्या जिथे छापल्या ते झेरॉक्सवाले काका, त्यांनी पैसे घेतले नाहीत. बटाटेवडे घंटाळीच्या मावशींचे; चटणी मात्र ऐरोलीची, हे गेल्या वेळी सांगायचं राहिलं आणि महिनाभर ऐकून घ्यावं लागलं. माइक, सतरंज्या आणि दोन जिने चढवलेला फळा ही कॉलेजच्या पोरांची कामगिरी. हॉलची किल्ली देणारे सोसायटीचे सेक्रेटरी. रात्री एकट्याने सगळ्या खुर्च्या रचणारे वॉचमन, त्यांच्यासाठी वडे बाजूला काढून ठेवणाऱ्या ताई, आणि आजारी असूनही घरून कोडी पाठवणारे बेलापूरचे सर. कुणी राहिलं असेल तर मला सांगा, ग्रुपवर नको. आणि काळ्या वायरचा एक्स्टेंशन बोर्ड माझ्याकडे आहे. ज्याचा असेल त्याने रविवारच्या आत घेऊन जावा, आमच्या घरी त्यावर मिक्सर लागायला सुरुवात झाली आहे.