मॉरिशसचा कातळ आणि आपला सह्याद्री

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे हनिमून पॅकेज, निळं पाणी आणि पांढरी वाळू एवढंच आठवतं. वाळू सुंदर आहेच, पण सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाने तिथे जाऊन नुसतं बीचवर बसू नये असं मला मनापासून वाटतं. कारण तिथला काळा कातळ आणि आपल्या गडांचा कातळ एकाच उगमातून आलाय, अगदी खरंच.

हिंदी महासागराखाली खोलवर एक हॉटस्पॉट आहे, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त रस सतत वर येण्याची जागा, आज तो रेयुनियन बेटाच्या खाली येतो. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकताना त्याच्यावरून गेला, लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं, मग आपण पुढे निघून आलो आणि मागे तो बेटं घडवत राहिला, मालदीवची रांग त्याच वाटेवरची, आणि मॉरिशस तर अगदी अलीकडचं, जेमतेम 80-90 लाख वर्षांचं!

म्हणूनच ल पूस चढताना मला परकं काही वाटलंच नाही. पोर्ट लुईच्या मागचा 812 मीटरचा डोंगर, 1836 मध्ये डार्विनही चढला होता. वर गेलं की पीटर बोथ दिसतो, सुळका आणि त्याच्या अगदी टोकावर भलामोठा धोंडा. इथून लक्षात येतं की या तुटक तुटक रांगा मधल्या पठाराभोवती कड्यासारख्या उभ्या आहेत, मूळच्या प्रचंड ज्वालामुखीचे हे उरलेले काठ, मधला भाग नंतरच्या लाव्हाने भरला. क्युरपीपचं त्रू ओ सेर्फ हे त्या नंतरच्या उद्रेकांचंच विवर, आणि गंगा तलावसुद्धा विवरातलाच.

पाऊस पण ओळखीचा. वारे आग्नेयेकडून येतात, पठार चिंब भिजतं आणि पश्चिम किनारा पर्जन्यछायेत कोरडा राहतो.

सगळ्यात जास्त वेळ मी थांबलो ते उसाच्या शेतांपाशी. हिरव्यागार उसात मध्येच काळ्या धोंड्यांचे उंच ढीग असतात. जमीन लागवडीला आणायची म्हणून हे दगड माणसांनी हातांनी वेचलेत, आधी गुलामांनी आणि 1834 नंतर भारतातून करारावर नेलेल्या मजुरांनी, म्हणजे गिरमिटियांनी, त्यात रत्नागिरीकडची आपली मराठी माणसंही होती. घरदार सोडून, समुद्र ओलांडून गेलेल्या त्या लोकांच्या हातात पुन्हा तोच काळा दगड आला, हे डोक्यातून जातच नाही. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते.

शामारेलची रंगीत माती सगळे बघतातच. तीही बेसॉल्टचीच, म्हणजे याच काळ्या कातळाची, पावसाने बाकीचं धुऊन नेलं आणि लोखंड-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली, कोकणात जांभा होतो साधारण तसंच.

आणि दक्षिणेला ग्री ग्रीचा किनारा चुकवू नका. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाचं कडं आहे, लाटा बाहेरच फुटतात म्हणून तर आतलं उथळ पाणी, ते लगून, एवढं शांत, पण इथे ते कडं तुटलंय आणि समुद्र थेट काळ्या कड्यावर आदळतो. बीचचा एक दिवस कमी करा आणि इथे या, फक्त पाण्यात उतरू नका, करंट फार जोरदार आहे.