सारसाच्या घरट्यासाठी माणसांना विचारताना : माझा अनुभव

गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात उरलेल्या थोड्या सारस पक्ष्यांची चिंता नागपुरात बरीच वर्षे व्यक्त होत आहे. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या विषयाची स्वतःहून दखल घेतली. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी असून प्रबंधासाठी हाच विषय निवडला, तेव्हा पक्ष्याचा अभ्यास समाजशास्त्रात कसा बसतो, असे मला विभागात विचारण्यात आले. त्याचे उत्तर सारसाच्या जीवनक्रमातच आहे. पावसाळ्यात पाणी साचलेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, किंवा तलावाकाठी तो घरटे करतो, बहुधा दोन अंडी घालतो आणि नर-मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवतात. बांधी कोणाच्या तरी मालकीची असते आणि त्याच महिन्यात तिथे निंदण व फवारणी चालू असते. पक्षी किती आहेत हे गणनेतून कळते. पण अंडी टिकतील की नाही, हे त्या काळात शेतातली माणसे काय ठरवतात यावर अवलंबून असते, आणि ते त्यांनाच विचारावे लागते.

परवानग्यांचा टप्पा लांबला. नैतिकता समितीला प्रत्येक मुलाखतीसाठी सहीचे संमतिपत्र हवे होते. गावात मात्र अनोळखी कागदावर सही करायला कोणी तयार नव्हते, आणि जमिनीच्या कागदपत्रांचा ज्यांनी त्रास भोगला आहे, त्यांची ही सावधगिरी मला रास्त वाटते. अखेर साक्षीदारासमोर तोंडी संमती घेण्यास समितीने मान्यता दिली. ग्रामपंचायतीचे पत्र त्यामानाने लवकर मिळाले.

वन विभागाच्या कर्मचाऱ्यांसोबत गावात जायचे नाही, असे मार्गदर्शक मॅडमनी सुरुवातीलाच ठरवून दिले होते. गणवेशातला माणूस शेजारी उभा असला की सारस सर्वांनाच आवडतो, आणि मग उत्तरांना काही अर्थ उरत नाही. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ ही पाच पायऱ्यांची मोजपट्टीही प्राथमिक चाचणीतच बाजूला ठेवली, कारण घरी आलेल्या मुलीला नाही म्हणणे लोकांना जड जात होते. त्याऐवजी मी धानाचे दहा दाणे समोर ठेवत असे आणि घरट्यामुळे होणारे नुकसान, मजुरीची अडचण, सरकारी कामाची भीती, पक्ष्याविषयीची आपुलकी अशा चिठ्ठ्यांवर ते वाटायला सांगत असे. दाणे वाटताना माणसे बोलू लागत, एकदा ठेवलेला दाणा उचलून दुसरीकडे ठेवत, आणि तसे का केले हेही सांगत. माझ्या वहीतला सर्वांत मोलाचा भाग या बोलण्याचा आहे.

नुकसानीच्या चिठ्ठीवर मला वाटले होते त्यापेक्षा कमी दाणे पडले. सरकारी कामाच्या भीतीवर पुष्कळ पडले. घरटे जाहीर झाले तर आपल्याच शेतात आपल्याला मज्जाव होईल, ही धास्ती अनेक घरांत होती. ती अनाठायी आहे असे म्हणून संरक्षणाचे काम पुढे जाणार नाही, कारण त्या धास्तीपोटीच घरट्याची माहिती लपवली जाते.

आसाममध्ये पूर्णिमा देवी बर्मन यांनी हरगिला या करकोच्याच्या जातीच्या मोठ्या पक्ष्यासाठी गावातल्या स्त्रियांना एकत्र आणले, हे मी वाचले होते; 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरवही केला. म्हणून रोवणी-निंदणाला जाणाऱ्या स्त्रियांशी मी स्वतंत्र गटचर्चा घेतल्या. कोणत्या बांधीत सारसाची जोडी उतरते, कुत्री कोणत्या बाजूने येतात, फवारणीनंतर जोडी किती दूर जाते, हे त्यांना मालकांपेक्षा नेमके ठाऊक होते. मात्र घरटे सांभाळणाऱ्याला मोबदला द्यावा, हा पर्याय मी चर्चेला ठेवला, तेव्हा त्यांनी लगेच विचारले की पैसे कोणाच्या नावावर येतील. शेती ठेक्याने किंवा बटईने करणारा आणि सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस अनेकदा वेगळा असतो. पैसा सातबाऱ्याप्रमाणे गेला, तर महिनाभर घरटे राखणाऱ्याच्या हाती काहीच येणार नाही. संरक्षणाच्या कोणत्याही योजनेत हा प्रश्न सर्वांत आधी सुटला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

प्रबंधात मी गावांची नावे बदलली आणि घरट्यांच्या जागा नकाशावर दाखवल्या नाहीत. परीक्षकांनी त्याविषयी विचारले, तेव्हा अंड्यांची आणि माहिती देणाऱ्यांची सुरक्षितता ही दोन्ही कारणे मांडली आणि ती त्यांना पटली. निष्कर्षांचा मराठी सारांश मी गावात वाचून दाखवला, तेव्हा निंदणाला जाणाऱ्या एका मावशींनी त्यात एक दुरुस्ती सुचवली : घरट्याभोवती फवारणी टाळण्याची सूचना घरटे दिसल्यावर देऊन उपयोग नाही, कारण औषध आणि मजूर त्याआधीच ठरलेले असतात, ती रोवणीपूर्वी, परे (धानाची रोपे) टाकण्याच्या सुमारास द्यावी. शिफारशींच्या अंतिम मसुद्यात ती पहिल्या क्रमांकावर आहे.