सागाच्या वाडीतून माथेरानला, कामावर जाणाऱ्यांच्या मागून

रोज बदलापूर-दादर करणाऱ्या माणसाला कामावर जाण्याबद्दल कोणी काही शिकवू नये, असा माझा समज होता. डिसेंबरातल्या एका शनिवारी तो सागाच्या वाडीत उतरला.

भिवपुरी रोड स्टेशन, डिकसळ, पाली-भुतिवलीचं धरण, सागाची वाडी, गार्बेटचं पठार आणि वर माथेरान, ही वाट ट्रेकवाल्यांच्या ओळखीची आहे. वाडीतले एक मामा माथेरानच्या एका हॉटेलात भांड्यांच्या कामाला जातात. "एकदा आमच्यासंगं कामावर चला," हे त्यांचं आमंत्रण दोन वर्षं पडून होतं. म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच वाडी गाठली आणि त्यांच्या ओटीवर आडवा झालो. पहाटे डोळे उघडले तेव्हा मामांची आंघोळ झाली होती आणि मामी भाकरी फडक्यात बांधत होत्या.

आम्ही सात जण निघालो. चार पुरुष, दोन बाया आणि मी. पाठीवर सॅक फक्त माझ्या. बाकीच्यांकडे एकेक पिशवी, तिच्यात भाकरी, पाण्याची बाटली आणि कामावरचे कपडे. एका पोराने बूट पिशवीत ठेवले होते आणि पायात प्लास्टिकच्या चपला होत्या. वर हॉटेलात काळे बूट लागतात, आणि चढावर घातले तर महिन्यात तळवा निघतो, म्हणाला.

पहिला चढ अंगावर येतो. तिथे कोणी बोलत नाही. "किती राहिलं?" असं मी दोनदा विचारलं, तर "एक दम" एवढंच उत्तर आलं. वाट इथे किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, दमात मोजतात. वाडी ते पठार त्यांचे दोन दम, माझे पाच झाले.

पठाराच्या कडेला एक मोठा धोंडा आहे. तिथे फोनला रेंज येते, म्हणून सगळे थांबले. एकेकाने वर फोन लावला: माणसं आहेत का, किती जण पाहिजेत? हा प्रवासाचा भाग मला ठाऊकच नव्हता. शनिवार म्हणून पाच जणांचं काम नक्की होतं. एका बाईंना मात्र "आज नको" असं ऐकावं लागलं. त्यांनी फोन कमरेला खोचला आणि आल्या वाटेने खाली वळल्या. खाली उतरून नेरळच्या बाजूला शेतघरांवर काही मिळतं का बघणार होत्या. निम्मा डोंगर चढून झाल्यावर सुट्टी कळते, आणि त्या चढाचे पैसे कोणी देत नाही.

आपली सुट्टी तीच त्यांची गर्दीची वेळ. दिवाळीनंतर आणि मे महिन्यात काम भरपूर. मेमध्ये बाया करवंदं, जांभळं घेऊनही वर जातात. पावसाळ्यात वरची बरीच हॉटेलं थंडावतात, नेरळ ते अमन लॉज ही छोटी रेल्वेगाडीही बंद असते, आणि वाडीतली माणसं आवणीला आपापल्या खाचरात उतरतात.

वाट दस्तुरीच्या, म्हणजे माथेरानच्या वेशीवरच्या नाक्याच्या, बाजूला निघते. त्यापुढे खाजगी गाड्यांना बंदी, म्हणून इथून पुढे सगळे एका पातळीवर येतात: हॉटेलमालकही चालत, भांडी घासणाराही चालत. पाहुण्यांना अमन लॉजहून शटल आहे, घोडे आहेत, २०२२च्या डिसेंबरपासून ई-रिक्षाही आल्या. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५च्या ऑगस्टमध्ये दिला. मामांना विचारलं, ई-रिक्षात कधी बसलात का? "बसायला काय, बाजार तर इथंच आहे," म्हणाले. तो 'इथंच' अडीच किलोमीटरवर आहे.

तुम्ही या वाटेने जाणार असाल तर हिवाळ्यात जा आणि सकाळी लवकर निघा. पठारावर सावली नाही. पाणी माणशी तीन लिटर तरी घ्या, कारण दिवाळीनंतर वरचे ओहोळ आटत जातात. पठारावर ढोरवाटा फार फुटतात. चुकलात तर हट्ट न धरता मागे या, नाहीतर कामावर निघालेल्या कोणाच्या मागे राहा. पण त्यांना फोटोसाठी थांबवू नका, उशिरा पोचलं की त्या दिवसाचं काम आणि मजुरी दुसऱ्याला जाते. पावसाळ्यात धुकं उतरलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही, तेव्हा वाडीतला माणूस सोबत घ्या आणि पैसे निघण्याआधी ठरवा. उतरताना वाळलं गवत आणि मुरूम घसरवतात, जुने गुळगुळीत बूट घरीच राहू द्या. दस्तुरीवर प्रवेशकर असतो, सुटे पैसे जवळ ठेवा. आणि माथेरानात शिरताना हातात खाऊची पिशवी नको. माकडांनी माझी चिक्की नेली, तीही परतीची खरेदी होण्याआधी.

संध्याकाळी मामा कामावरून सुटले आणि बॅटरी घेऊन उतरणीला लागले. माझे गुडघे बोलत होते, म्हणून मी दस्तुरीवरून नेरळची टॅक्सी धरली. सीट भरल्याशिवाय ती सुटत नाही. पाचवा माणूस मिळेपर्यंत पाऊण तास गेला, मग घाटात एका वळणावर गाड्या अडकल्या. नेरळ स्टेशनच्या पुलावर चढत होतो तेव्हा फोन वाजला. मामा धोंड्यावरूनच बोलत असतील असं वाटलं, पण मागे मामींचा आवाज येत होता आणि मामा विचारत होते, "जेवायला बसलो, तुम्ही पोचला का?"