दुपट्याची पिशवी

शनिवार, रात्रीचे साडेदहा

दुपारी सिस्टरचा फोन आला. महिनाअखेरीला रिटायर होतायत, समारंभाला या म्हणाल्या. येते म्हटलं. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "मॅडम, ते आपल्या कामाचं इंग्लिशमध्ये छापून आलंय म्हणला होता ना तुम्ही? त्यात माझं नाव हाय का वो? नात विचारायलीय."

"बघून सांगते," म्हणाले मी.

बघायचं काय होतं त्यात? संशोधनाचा पेपर मीच लिहिलाय. नाव नाही हे मला तोंडपाठ आहे.

तरी उघडून बघितला. पाच लेखक, त्यात पहिली मी. शेवटी आभार: प्रसूती कक्षातील कर्मचारीवर्गाचे. रुग्णालयाचं नाव छापायचं नाही ही एथिक्स कमिटीची अट होती, तेवढी पाळली. पण माणसाला विचारून माणसाचं नाव आभारात घालायला कोण अडवणार होतं? सिस्टरना विचारलंच नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही. संध्याकाळपासून हेच जास्त टोचतंय.

लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या 2016 च्या उन्हाळ्यात मी सिस्टरच्या प्रसूती कक्षात पहिल्यांदा गेले, हात धुण्याचं पोस्टर घेऊन. सिस्टरनी ते भिंतीला लावून घेतलं, लांबून वाचलं आणि म्हणाल्या, "मॅडम, पाणी कुठनं आणायचं ते लिवलंय का ह्याच्यावर?" त्यानंतर मी कुठल्याच रुग्णालयात पोस्टर घेऊन गेले नाही. आधी विचारायला शिकले. ते मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

आणि पिशवी. ती तर पूर्ण त्यांची.

थंडीत बाळं गार पडत होती. जन्मानंतर तासाभरानं काखेत थर्मामीटर लावलं की 36.5 ते 37.5 सेल्सिअस यायला हवं, आणि कितीतरी बाळं त्याच्या खाली. पंखा बंद केला, फुटक्या तावदानाला पुठ्ठा लावला, बाळ लगेच आईच्या छातीवर द्यायला लागलो, पहिले चोवीस तास आंघोळ बंद केली. किती बाळं उबदार राहिली ते दाखवणारी आलेखाच्या तक्त्यावरची टिंबं थोडी वर सरकली आणि तिथंच अडकली. मी घड्याळ घेऊन कोपऱ्यात उभी राहायची, मिनिटं टिपायची. मला दिसलं नाही ते सिस्टरना दिसलं. बाळ बाहेर आलं की मावशी दाराशी जाऊन हाक मारायच्या, "दुपटं द्या वो!" बाहेर सासू बोचकं सोडणार, त्यातनं जुन्या लुगड्याचा धडपा शोधणार, तोवर ओलं लेकरू तसंच. सिस्टर म्हणाल्या, बाई भरती होतानाच कापड मागून घेऊ. दुसऱ्या दिवशी बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरशेजारच्या खिळ्याला पिशवी लटकत होती, वर बाईच्या नावाची चिठ्ठी. आत दोन दुपटी, एक टोपडं. एक पुसायला, एक गुंडाळायला. कळा वाढल्या की दोन्ही दुपटी वॉर्मरखाली पसरून ठेवायची.

तिथून टिंबं चढली. मध्यरेषेच्या एकाच बाजूला सलग सहा आली की हा योगायोग नाही, बदल खरा, असं आम्ही शिकवतो. सहावं टिंब सिस्टरनीच लावलं आणि रात्री नऊला मला फोन केला.

पेपरात मी याला काय म्हटलंय ते आज वाचलं. 'दाखल करतेवेळी नातेवाइकांकडील वस्त्रांची पूर्वसिद्धता' असा काहीतरी त्याचा मराठी अर्थ होईल. पिशवी हा शब्दच नाही.

लेखक कोणाला म्हणायचं याचे वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं चार निकष दिलेत. कल्पनेत किंवा माहिती गोळा करण्यात भरीव वाटा, मसुद्यात वाटा, अंतिम संमती, आणि कामाची जबाबदारी. चारही लागतात. सिस्टरनी मसुदा लिहिला नाही, म्हणून त्या लेखक नाहीत. तासभर मी याच दोरीला धरून बसले होते. मग तो कागदच काढून वाचला. पहिला निकष पुरा करणाऱ्या प्रत्येकाला बाकीच्यात भाग घ्यायची संधी मिळायला हवी, हेही तिथंच लिहिलंय. विद्यार्थ्यांना मी ते दर वर्षी वाचून दाखवते.

सोमवारच्या लेक्चरची पहिली स्लाइड सेमेलवाइसची आहे, डॉक्टरांनी हात धुवावेत म्हणून आग्रह धरणाऱ्या डॉक्टरची. व्हिएन्ना, 1847. डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या वॉर्डात बाया बाळंतज्वरानं जात होत्या, शेजारच्या सुईणींच्या वॉर्डात त्या मानानं कितीतरी कमी. त्या फरकानंच त्याची झोप उडवली. त्याचं नाव आम्ही परीक्षेत विचारतो. सुईणी स्लाइडवर नुसत्या 'सुईणी' आहेत.

मला तरी काय मिळालं, असंही मधे वाटून गेलं. पहाटेच्या एसटीनं दोन हिवाळे गेले. ट्रायल नाही, नवं औषध नाही, लॅब नाही, तर हे संशोधन कसलं, असं मुलाखतीत तोंडावर ऐकलं. आमच्या या कामाला गुणवत्ता सुधारणा म्हणतात, आणि ते म्हटलं की अजून लोकांना झाडलोट आणि रंगरंगोटी वाटते. पेपर तीनदा परत आला. बाबांचं सगळं त्याच हिवाळ्यात. ते आज नको.

पण पदोन्नतीच्या फाइलीत तोच पेपर लागला. फाइल माझी होती.

आक्काला सांगितलं. ती म्हणाली, "फसवलं तर नाहीस ना." ती धीर द्यायला म्हणाली. मला त्यातला 'तर' ऐकू आला.

मग कपाटावरची गुंडाळी खाली काढली. आलेखाचा मूळ तक्ता. लाल बॉलपेनची टिंबं, सगळी सिस्टरच्या हातची, जरा दाबून लावलेली, कागदाच्या पाठीमागून बोटाला लागतात. जानेवारीत एक टिंब धाडकन खाली, शेजारी बारीक अक्षरात: तीन दिवस लाईट नाही, वॉर्मर बंद. त्याच्याआधी एका ठिकाणी: टोळ्या कारखान्यावर, डिलिव्हऱ्या कमी. एका ठिकाणी: नवीन मावशी. छापील आकृतीत यातलं काही नाही. आकृती सुटसुटीत हवी म्हणून मी काढलं. लाईट नव्हती हे काढलं की ते टिंब नुसतं वाईट दिसतं, जणू त्या आठवड्यात कोणी कामच केलं नाही.

साडेनऊला फोन लावला. सरळ सांगितलं. नाव नाही, तुम्हाला विचारायला हवं होतं, माझं चुकलं. सोमवारी संपादकांना लिहिते, आभारात दुरुस्ती करता येते का बघते.

सिस्टर थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पिशवीचं लिवलंय का त्यात?"

"लिहिलंय."

"मग झालं की. आता एक करा, तेवढंच मराठीत लिहून द्या एका कागदावर. समारंभाला येताना आणा. नातीला वाचून दाखवीन."

तक्ताही आणते म्हटलं. त्यावर मात्र त्या खूश झाल्या. तो हरवला असेल असं त्यांना वाटत होतं.

वही घेऊन बसले. पहिलं वाक्य त्यांच्या नावानं सुरू करायचं ठरवलं, आणि थांबले. माझ्या फोनमध्ये त्या 'लेबर रूम सिस्टर' म्हणून आहेत. इतकी वर्षं.

पुन्हा फोन केला. "सिस्टर, तुमचं पूर्ण नाव सांगा, लिहून घेते."

त्यांनी सावकाश सांगितलं, स्वतःचं, मालकांचं, आडनाव, एकेक शब्द सुटा करून, जसं त्या पेशंटला विचारून रजिस्टरात लिहितात तसं. आडनावातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, ते मी दोनदा विचारून घेतलं.